एसएमपीएसवरचा मोठा आकडा आणि बारीक अक्षरे

संपादक महाशय,

बारावीचा निकाल लागला की मुलांना गेमिंगसाठी संगणक असेंबल करून देण्याची पद्धत आता गोव्यातल्या खेड्यापाड्यांतही रुळली आहे. ग्राफिक्स कार्ड कोणते आणि प्रोसेसर कोणता यावर घरात आठवडाभर खल होतो. या सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस मात्र दुकानदार देईल तो मुकाट्याने घेतला जातो. आमच्या घरीही तेच झाले, म्हणून हे पत्र.

आरटीएक्स ३०६० हे कार्ड आणि इंटेलचा आय५-१२४००एफ हा प्रोसेसर असलेला संगणक जूनच्या सुरुवातीला, पावसाबरोबरच, घरी आला. एसएमपीएस कॅबिनेटसोबतच मिळाला होता आणि त्यावर '५०० वॅट' असे ठळक छापलेले होते. खेळ रंगात आला की संगणक अचानक बंद पडू लागला. पावसाळ्यात माडाची चुडते तारांवर पडून वीज जाणे आपल्या अंगवळणी पडलेले असल्यामुळे मी सवयीने वीज खात्याला बोल लावला. दुकानदाराने फॉरमॅट मारून पाहिले, रॅम बदलून पाहिली. शेवटी, संगणक बंद पडतो तेव्हा डोक्यावरचा पंखा तर फिरतच असतो, हे पत्नीने लक्षात आणून दिले आणि मी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचे लेबल वाचले.

त्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले होते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे शाळेतले गणित लावले तर १२ व्होल्टवर मिळणारी शक्ती केवळ २१६ वॅट होते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात. पाचशेचा आकडा गाठण्यासाठी उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर मांडलेले होते, ज्यांची आजच्या संगणकाला फारशी गरज पडत नाही. आमच्या कार्डाची कमाल गरज १७० वॅट, प्रोसेसरची ११७ आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे मिळून ५० धरले तरी बेरीज ३३७ होते. शिवाय कार्ड सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरते आपल्या नेहमीच्या गरजेच्या कितीतरी वर उसळी घेते, म्हणून काठोकाठ हिशेब करून भागत नाही. या कार्डासाठी त्याची मूळ कंपनी एनव्हिडिया खुद्द ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, त्याचे कारणही हेच आहे.

दुसऱ्या दुकानात उलटाच अनुभव आला. तिथे थेट १००० वॅट सुचवण्यात आले. एवढी शिफारस एनव्हिडियाने ५७५ वॅट घेणाऱ्या आरटीएक्स ५०९० साठी केली आहे. ४५० वॅटच्या ४०९० लादेखील ८५० पुरेसे सांगितले आहे. मोठ्या एसएमपीएसने विजेचे बिल वाढते हा समज मात्र खरा नाही, कारण संगणक लागेल तेवढीच वीज ओढतो. जास्तीचे जातात ते खरेदीचे पैसे. आम्ही ६५० वॅटचा, १२ व्होल्टवर ५४ अँपिअर देणारा, ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस घेतला. उद्या मुलाने २०० वॅटचे आरटीएक्स ४०७० कार्ड घ्यायचे म्हटले तरी तो पुरेल.

ब्राँझ, गोल्ड ही '८० प्लस' या प्रमाणपत्राची बिरुदे कार्यक्षमतेची, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती संगणकापर्यंत पोचते याची, आहेत. आतली संरक्षणव्यवस्था कशी आहे ते त्यावरून कळत नाही. ३३७ वॅटच्या भाराला ब्राँझची साधारण ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर भिंतीतून सुमारे ३९६ वॅट घेतले जातात आणि गोल्डची साधारण ९० टक्के धरली तर ३७४. रोज चार तास खेळले तरी महिन्याची बचत तीन युनिटही भरत नाही. तेव्हा गोल्ड घ्यायचाच तर तो चांगल्या बांधणीसाठी आणि लांब वॉरंटीसाठी घ्यावा.

पावसाळ्यात घरोघरी असलेल्या यूपीएसचेही असेच आहे. ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलेला घरगुती यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो, म्हणजे वरच्या ३९६ वॅटच्या भाराला तो अपुरा पडतो. नवा घेताना व्हीए नव्हे, वॅट विचारावेत.

दुकानदाराच्या कोटेशनवर कार्डाचे आणि प्रोसेसरचे पूर्ण नाव असते, एसएमपीएससमोर मात्र नुसते '५०० वॅट' असते. तिथे कंपनी, मॉडेल आणि १२ व्होल्टचे अँपिअर लिहून मागावेत. दुसऱ्या खेपेला आम्ही मागितले, तेव्हा दुकानदाराने ते कुरकुर न करता लिहून दिले.

आपला,
एक वाचक, फोंडा