अण्णा, निकाल लागायच्या आधीच आभार

ती. अण्णांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

आमचं प्रोफाइल कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे तिथं कायम राहायला गुण मोजून बोलावतात त्या यादीत, एकदाचं जाऊन पडलं. बोलावणं अजून आलेलं नाही. येईल का, कधी येईल, कुणी सांगावं! व्हिसा हातात पडला की कुंदा घेऊन तुमच्याकडे जायचं असं घरात ठरलं होतं, पण मला ते पटेना. उद्या नकार आला तर काय, तुमचे आभार मानायचेच नाहीत? शिवाय समोर येऊन काही बोलायला लागलं की तुम्ही "ते असू दे ओ, बँकेत जाऊन आलात काय?" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. इथं तरी तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी दोन शब्द. अण्णा बेळगावच्या शहापुरात राहतात, सगळी नोकरी बँकेत झाली, कर्जाच्या फायली तपासण्यात केस पिकले. घरात कानडी, आमच्याशी मराठी. सीमेवरून गावात काहीही पेटलेलं असो, अण्णांच्या टेबलावर कन्नड दाखला आणि मराठी दाखला एकाच पेपरवेटखाली असतात. परदेशी जायच्या अर्जांचे कागद बघून देतात, पण कुणाकडून एक रुपया घेत नाहीत. बाँड पेपरचे आणि नोटरीचे पैसे मात्र ज्याचे त्यानं द्यायचे, तेही पावतीसकट मोजून.

अण्णा, आम्ही दोघं तुमच्याकडे आलो ते एका एजंटाच्या ऑफिसातून उठून. त्यानं अर्धी रक्कम आधी मागितली होती. अर्ज यांच्या नावानं घालायचा, उद्यमबागेतल्या मशीन शॉपमधला अनुभव कमी पडतोय तर "सर्टिफिकेट आम्ही बसवून देतो" म्हणाला होता. तुम्ही रागावला नाहीत, की "परदेशात काय ठेवलंय" असंही म्हणाला नाहीत. एवढंच विचारलंत, "त्याचा लायसन्स नंबर काय?" कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर तिथला वकील लागतो, क्युबेकचा नोटरी लागतो, नाहीतर तिथल्या कन्सल्टंटांच्या कॉलेजात नोंद असलेला माणूस लागतो, आणि ती नोंद कुणालाही ऑनलाइन बघता येते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. एजंटाचं नाव त्या यादीत कुठंच नव्हतं. मग तुम्ही दुसरं सांगितलंत: अर्जात खोटं सापडलं तर 5 वर्षं बंदी. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण मी ज्यासाठी जन्मभर तुमची ऋणी राहीन ते पुढंच आहे.

तोवर सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं की अर्ज नवऱ्याचा आणि मी त्याच्यामागून जाणारी. एजंटानं धरलं, माझ्या माहेरच्यांनी धरलं, खरं सांगायचं तर मीही धरलं. तुम्ही तुमचं ते लाल कापडी पाठीचं रजिस्टर उघडलंत, मधोमध पट्टीनं रेघ मारलीत, डावीकडे यांचं नाव, उजवीकडे माझं. जोडप्यातला मुख्य अर्जदार कोण हे जोडप्यानंच ठरवायचं असतं, म्हणालात. मग एकेक रकाना. वय: जोडीदारासह अर्ज असेल तर 20 ते 29 ला 100 गुण, 30 ला 95, पुढं चाळिशीपर्यंत वर्षाला 5 खाली. हे 34 चे, म्हणजे 75. मी 29 ची, म्हणजे पुरे 100. शिक्षण: यांचा डिप्लोमा, माझी चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग. काम: 2023 पासून काही कामांसाठी वेगळे ड्रॉ, म्हणजे बोलावण्याच्या फेऱ्या, निघतात, त्यात आरोग्यसेवा आहे. खाली बेरीज मारलीत, पेन ठेवलंत आणि यांच्याकडे बघून म्हणालात, "नर्स कोण आहे घरात? मग पैला कागद तिचाच पाहिजे की ओ."

हे गप्प. मी तर त्यांच्याहून गप्प. आयसीयूत रात्रपाळ्या करून एवढी वर्षं झाली, पण माझ्या कामाची अशी बेरीज कुणी मांडली नव्हती. घरी गेल्यावर सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग हा काय तुझा सामान उचलायला जाणार?" (आता सासूबाईच शेजारणींना सांगत फिरतात, की आमच्या सुनेच्या नावावर फाइल आहे.) आणि यांनाही तुम्ही मोकळं सोडलं नाहीत. जोडीदाराच्या इंग्रजीला 20 पर्यंत आणि शिक्षणाला 10 पर्यंत गुण असतात हे दाखवून आयेल्ट्सला बसवलंतच. रात्री जेवणं झाल्यावर एकमेकांना निबंध वाचून दाखवणारं येळ्ळूरमधलं आमचं एकच घर असेल.

कागदांचं तर विचारूच नका. माझं माहेर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात, सासर इकडं बेळगावजवळ येळ्ळूर. एसटीनं जेमतेम तासाभराचा रस्ता, पण मध्ये राज्य बदलतं आणि राज्याबरोबर दाखल्याची भाषाही. लग्नाची नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत, मराठीत. यांच्या जन्माचा जुना दाखला इकडचा, हाताने लिहिलेल्या कन्नडात. माझी डिग्री माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या नावानं. यांच्या डिप्लोमावर मामंजींचं नाव एका स्पेलिंगनं आणि पासपोर्टवर दुसऱ्याच. तुम्ही वैतागला नाहीत. बँकेत असले घोळ रोजचेच, म्हणालात. भाषांतर अर्जदारानं किंवा त्याच्या घरच्यांनी केलेलं चालत नाही, म्हणून दोन्ही दाखल्यांचं इंग्रजी तुम्ही स्वतः केलंत, कोर्टासमोर उन्हात उभं राहून नोटरीपुढे शपथपत्र केलंत. दाखल्याच्या कोपऱ्यात पुसट झालेल्या शिक्क्यातली अक्षरं भिंग लावून वाचत बसला होतात आणि न लागलेल्या अक्षरांसाठी अंदाजानं काही लिहायला शेवटपर्यंत तयार झाला नाहीत. "इल्लेजिबल" असंच टाईप करायला लावलंत. तुमची ती चिकाटी बघून मी मनात म्हटलं, हे माझ्या वॉर्डात असते तर औषधाच्या चार्टवर एक खाडाखोड राहिली नसती.

अनुभवाच्या पत्राचंही तसंच. मी जिथं काम करते तिथून दोन ओळींचं पत्र मिळालं होतं: अमुक तारखेपासून स्टाफ नर्स, वर्तणूक चांगली. तुम्ही ते बाजूला सारलंत. कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, तारखा, सहीवाल्याचा हुद्दा, सगळं लेटरहेडवर हवं. मग मला म्हणालात, "काल ड्युटीवर काय काय केलंत ते सांगा." मी सांगत गेले, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं सक्शन, सेंट्रल लाइनचं ड्रेसिंग, शिफ्ट बदलताना हँडओव्हर, नातेवाइकांना समजावणं, आणि तुम्ही लिहीत गेलात. मेट्रन मॅडमनी त्यावर सही केली तेव्हा त्या म्हणाल्या, हे आपण एवढं करतो होय!

आता शेताचं. येळ्ळूरच्या शिवारातला आमचा तुकडा, बासमतीचा. तिकडे गेल्यावर सुरुवातीला राहण्याखाण्यापुरता पैसा आपल्याकडे आहे हे दाखवावं लागतं. मामंजींनी न विचारताच गिऱ्हाईक बघितलं होतं, इसारापर्यंत गोष्ट गेली होती. तुम्ही मामंजींना बोलावून घेतलंत. त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलंत की जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत, उसने पैसे चालत नाहीत, आणि बँकेच्या पत्रात 6 महिन्यांची सरासरी शिल्लक द्यावी लागते, तेव्हा आज विकून उद्या खात्यात भरलं तर शंभर प्रश्न. आमच्या पगाराच्या ठेवी आणि माझ्या पीएफचा हिशोब मांडून जुळवणी करून दिलीत. मग शेवटचं सांगितलंत, तेच त्यांना लागलं: पोरं एनआरआय झाली की आधीची शेतजमीन ठेवता येते, पण नवीन विकत घेता येत नाही. आज गेली ती गेली. मामंजी काही बोलले नाहीत, टोपी घातली आणि घरी जाऊन गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवून टाकलं. यंदा त्या तुकड्यात रोप लावणी झाली. चिखलात मीही उतरले होते, सुट्टी घेऊन.

एक गोष्ट तेव्हा आवडली नव्हती. आम्ही दोघं रंगात येऊन टोरांटोतल्या भाड्याचे आकडे सांगत होतो आणि तुम्ही मध्येच विचारलंत, "उतरल्या दिवशी नर्स म्हणून काम करता येतं काय?" येत नाही. पीआर म्हणजे राहायची परवानगी, नर्सिंगचं लायसन्स वेगळं. ते प्रांताप्रांतानं मिळतं: आधी शिक्षणाची तपासणी, मग बहुतेक ठिकाणी एनक्लेक्स-आरएन परीक्षा. मधल्या काळात घर कशावर चालणार, मला दुसरं काही काम करावं लागलं तर कमीपणा वाटणार नाही ना, यांना तिथं मशीनवर लागायला काय लागेल, सगळं तुम्ही खोदून विचारलंत. त्या रात्री आमचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी मी एनक्लेक्सचं पुस्तक मागवलं, कारण ती परीक्षा भारतातही देता येते. आता रात्रपाळीला दोन-अडीचनंतर वॉर्ड शांत असला की प्रश्न सोडवते.

सासूबाई-मामंजींच्या खात्यांना नणंदेचं नाव जोडून घेतलं, नॉमिनी बघून घेतले, आम्ही गेल्यावर आमची खाती एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांची, करायची हेही लिहून ठेवलंय. खानापूरची नणंद आठवड्याला येऊन जाईल. एवढ्यानं त्यांचं म्हातारपण मार्गी लागलं असं मी म्हणणार नाही. तुम्हीही तसं म्हणाला नाहीत. "जायचं तर हे ओझं घेऊनच जा," एवढंच म्हणालात आणि काकूंना चहा टाकायला सांगितलंत.

काकूंनाही माझा नमस्कार सांगा. आमच्या फायलींपायी तुमच्या घरी किती वेळा जेवण उशिरा झालं असेल, त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही.

जाता जाता एक काम लावते, राग मानू नका. माझ्याबरोबरची एक सिस्टर आणि तिचा नवरा न्यूझीलंडचं मनात घेऊन बसलेत. रविवारी त्यांना तुमच्याकडे घेऊन येते. त्यांच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे आणि ते दोघंही त्याबद्दल आपणहून बोलत नाहीत, तेव्हा रजिस्टर उघडायच्या आधी तेवढं विचारून घ्या.

आपली,
येळ्ळूरची सून