ओंकार यंदा एकटाच येतोय

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलायला गेलं की आई रडायला लागते, मग मी विषय बदलते आणि सांगायचं ते तसंच राहतं. म्हणून लिहितेय. सहामाही संपली की ओंकार दिवाळीला वाईला येईल, आणि एकटा राहील. हे त्याला गाडीने सोडतील, चहा घेतील आणि परत फिरतील. मी येऊ नये ही त्याचीच अट आहे. पंधरा वर्षांच्या पोराला आई सारखी मागेमागे नको असते. त्याचंही तसंच आहे, याचा मला आनंदच झाला.

ईबीच्या, म्हणजे त्याच्या जन्मापासूनच्या कातडीच्या आजाराच्या, जखमांवरच्या पट्ट्या तो एक दिवसाआड स्वतः बदलतो. दोन-अडीच तास जातात, गाणी लावून बसतो. तेवढा वेळ दार उघडून डोकावू नका. उजव्या हाताची बोटं बरीचशी जुळली आहेत, पण कात्री चालवता येते. पाठीपर्यंत हात पोचत नाही, तिथे बाबांनी मदत करायची. आई, तू नको. तू ‘अरे देवा’ म्हणतेस, आणि मग तोच तुला धीर देत बसतो.

त्याच्या कातडीचा वरचा थर खालच्या थराला घट्ट धरून ठेवणारे बारीक धागे नीट तयारच होत नाहीत. त्यामुळे घासलं की फोड येतो, आणि फोड फोडला नाही तर पसरत जातो. तो स्वच्छ सुईने खालच्या बाजूने टोचायचा, पाणी काढायचं, वरची साल तशीच ठेवायची. हे तो करेल. तुम्ही एवढंच बघा, की त्याला काखेत हात घालून उठवायचं नाही, मनगट धरून ओढायचं नाही, आणि चिकटपट्टी कितीही छोट्या जखमेला लावायची नाही. चिकटलेलं काही दिसलं तर ओढू नका, पाण्याने भिजू द्या. डोक्यावर हात मात्र खुशाल ठेव, आई. नुसता ठेवलेला हात चालतो, फिरवलेला चालत नाही. गेली इतकी वर्षं तू त्याला भीतीने शिवतच नाहीस, ते त्याच्या लक्षात येतं.

अभ्यंगस्नान त्याला हवं आहे. उटणं चोळायचं नाही, पण त्याच्यासाठी कालवून ठेव, वास तरी येऊ दे. दहा लिटर कोमट पाण्यात नव्वद ग्रॅम मीठ घालायचं, मग जखमा झोंबत नाहीत. मीठ वजन करून घाल, मुठीने नको. फराळात चकली, कडबोळी, चिवडा समोर मांडू नका. तोंडात आणि अन्ननलिकेतही फोड येतात, नळी मध्येच अरुंद झाली आहे, मागे एकदा फुग्याने रुंदावून घेतली. बेसनाचा लाडू दुधात कुस्करून चालेल. भाकरीचा पापुद्रा काढून दुधात काला केलास तर दोन भाकऱ्या संपवेल. तूप सढळ हाताने घाल. जखमा भरायला शरीर इतकं खर्ची पडतं, की वाढीला काही उरत नाही. म्हणून तो अकरा वर्षांचा दिसतो. ‘खात नाही का रे’ असं कुणाला विचारू देऊ नका.

आता खरं बोलते. मागच्या वर्षी लग्नात तुम्ही त्याला ‘ऊन लागेल’ म्हणून आतल्या खोलीत बसवलंत. मांडव सावलीत होता. तो काही बोलला नाही, पण परतीच्या गाडीत म्हणाला, ‘आजी मला लपवते.’ तुमच्या मनात काय होतं ते मला कळतं. लोक विचारतात भाजलंय का, कुणी हळूच महारोगाचं नाव घेतं. महारोग असता तरी काय, तो सहा ते बारा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. ईबी लागत नाही, शिवून नाही, ताटातून नाही. पण हेही तुम्ही सांगू नका. त्याला विचारलं तर तो सांगतो, आणि नको वाटलं तर ‘शार्कने चावलं’ म्हणतो. त्याला ओटीवर बसू द्या. पूर्ण बाह्यांचा सदरा घाल म्हणू नका. शिवण आत घासते म्हणून कपडे उलटे घालतो, त्यालाही हसू नका.

बाबा, हे तुमच्यासाठी. तुम्ही स्वतःच्या भाच्याला मुलगी दिलीत म्हणून हे झालं, असं तुम्ही आक्कांना म्हणालात. त्यांनी मला सांगितलं. जनुकाच्या तपासणीत आम्हा दोघांत तोच एक बिघाड निघाला, म्हणजे तो बहुधा तुम्हा भावंडांच्या आई-वडलांपैकी कुणाकडून तरी खाली आला. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच असला तर माणसाला काहीच होत नाही. तुम्हाला कळायचा मार्ग नव्हता, आम्हालाही नव्हता. दोघांकडून मिळायची शक्यता चारात एक, ती ओंकारच्या वाट्याला आली. तुमच्या जावयाने मला आजवर एका शब्दाने दुखवलेलं नाही. ते स्थळ चुकलं असं मी तुम्हाला म्हणू देणार नाही.

तुम्ही कात्रण पाठवलंत ते वाचलं. जर्मनीत २०१५ साली त्या सीरियाच्या सात वर्षांच्या मुलाला प्रयोगशाळेत वाढवलेली कातडी लावली, अंगाच्या ऐंशी टक्के भागावर, ते खरं आहे. त्याचा ईबी दुसऱ्या जनुकाचा होता. ओंकारच्या प्रकारासाठी अमेरिकेत मे २०२३ मध्ये एका जेलला मान्यता मिळाली. ते बरोबर जनुक जखमेत पोचवतं, पण बिघाड कायमचा जात नाही, पुन्हा पुन्हा लावावं लागतं, आणि वर्षाचा खर्च कोटींत जातो. तेव्हा मळा विकायचं मनातून काढून टाका. आपल्या मळ्याने ते भागणार नाही.

एक गोष्ट आजवर सांगितली नव्हती. या प्रकारात विशीच्या आसपास जुन्या जखमांत त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून डाव्या नडगीवरच्या जखमेवर डॉक्टरांचं लक्ष आहे. त्याला सगळं ठाऊक आहे, त्याने स्वतःच वाचून काढलं. त्याच्यासमोर नवस बोलू नका. पुढच्या वर्षी दहावी आहे, लेखनिक घ्यायचा की हळूहळू स्वतः लिहायचं यावर सध्या आमची भांडणं चालली आहेत, कारण तासाला वीस मिनिटं जादा मिळतात आणि याला वाटतं तेवढी पुरतील. त्यात बाबांनी माझी बाजू घ्यावी.

शेजारचा मोती उड्या मारतो. ओंकार असेपर्यंत मोतीला बांधून ठेवायला शेजाऱ्यांना सांगा. पट्ट्यांचं खोकं हे गाडीतून उतरवतील, ते कपाटात ठेवा, माळ्यावर नको, उंदीर आहेत.

तुमची,
सुमन