कोपऱ्याचे सांधे

केंब्रिज, १२ ऑक्टोबर

ती. बाबांना शि. सा. नमस्कार,

फोनवर तुम्ही दोन वाक्यं बोलून आईकडे देता, म्हणून हे लिहून पाठवतोय. चष्मा लावून सावकाश वाचा.

रविवारी अ‍ॅशवेल नावाच्या खेड्यात जाऊन आलो. रेल्वेने जवळच आहे, पण स्टेशनावरून गावात जायला दोन मैल चालावं लागतं. चर्चचा मनोरा लांबूनच दिसतो. १७६ फूट उंच, वर शिशाने मढवलेला सुळका. गाव आपल्या वाडीपेक्षा थोडं मोठं, एवढंच.

काम बहुतेक चौदाव्या शतकातलं. दगड बघून तुम्ही नाक मुरडलं असतं. क्लंच म्हणतात त्याला, म्हणजे घट्ट झालेला खडूच. आपल्या काळ्या दगडावर टाकी मारली की ठिणगी उडते; हा खिळ्याने ओरखडला तरी रेघ उठते. घडवायला सोपा, पण पावसाथंडीला कच्चा. बाहेरून मनोरा पार झिजलाय, जागोजाग ठिगळं. आत मात्र मोठमोठ्या खिडक्या, साध्या काचा, उजेडच उजेड.

दगड मऊ म्हणून लोकांनी भिंतींवर वाट्टेल ते कोरलंय. मनोऱ्याच्या आत, उत्तरेच्या भिंतीवर, लॅटिनमध्ये १३५० सालच्या प्लेगबद्दल आहे. अर्थ साधारण असा: दयनीय, भयंकर, उग्र साल, साक्षीला उरली ती हलाखीतली माणसं. त्याखाली १३६१च्या मोठ्या वादळाची नोंद. खरं तर ते वादळ आपल्या हिशेबाने जानेवारी १३६२चं, पण तेव्हा इथे नवं वर्ष मार्चअखेर सुरू व्हायचं. अक्षरं ओबडधोबड आहेत. तिरपा उजेड पडला तरच नीट लागतात; मी मोबाइलची बॅटरी भिंतीला टेकवून धरली तेव्हा कुठे दिसली.

तुमची आजी सांगायची ना, घरात उंदीर पडला की गाव सोडायचं आणि माळावर खोपटी घालून राहायचं? तेच आठवलं. खालीच एका मोठ्या चर्चचं चित्र कोरलंय. ते लंडनचं जुनं सेंट पॉल्स असावं असं मानतात. ते १६६६च्या आगीत गेलं.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच. दुसऱ्या एका जागी कुणीतरी कोरून ठेवलंय: कोपऱ्याचे सांधे नीट बसलेले नाहीत, थू!

बाबा, मी तिथे एकटाच मोठ्याने हसलो. फुलं लावत असलेल्या बाईंनी वळून पाहिलं. मला थेट तुम्ही दिसलात, पाटलांच्या नव्या बंगल्यासमोर. ओळंबा न सोडताच म्हणाला होतात, "कोपरा गुण्यात नाही," आणि तंबाखूची पिंक टाकलीत. आई आठ दिवस बोलली नव्हती तुमच्याशी. हा कोरणारा गवंडीच असणार, आणि बहुधा दुसऱ्याच्या कामावर आलेला. मी कोपरे निरखून पाहिले. मला तरी काही खोट दिसली नाही, पण माझी नजर तुमच्यासारखी कुठे.

फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवलेत. त्याला मोठे करून दाखवायला सांगा, आणि सांधे खरंच चुकलेत का ते कळवा. चुन्यात काय मिसळलं असेल याचाही अंदाज सांगा.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर तसं लिहा. आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू