मंत्रीसाहेब, ती पावडर एकदा लॅबमध्ये पाठवा

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी कोपरखैरण्याची. माझ्या आत्याला संधिवात आहे, सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, चहाचा कपसुद्धा धरवत नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून तिने कुरिअरने एक पावडर मागवली. पांढरा प्लॅस्टिकचा डबा, वर हिरवी पानं आणि "शंभर टक्के हर्बल", बाकी लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, कोणी कुठे बनवली काहीच नाही. आठवड्याभरात दुखणं गायब, आत्या खुश, आणि मग तोंड सुजायला लागलं, शुगर वाढली, त्या नंबरवर फोन केला तर म्हणे आजार बाहेर पडतोय, डोस चालू ठेवा! डॉक्टरांना पावडरीत स्टिरॉइड (सूज आणि दुखणं झटपट दाबणारं जोरदार औषध) मिसळल्याचा संशय आला, आणि ते एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून मोजून गोळ्या देऊन हळूहळू कमी करावं लागलं. डब्यात नक्की काय होतं ते आजही आम्हाला माहीत नाही.

माझा राग आयुर्वेदावर नाही हो. आयुर्वेदिक औषध बनवायलाही लायसन्स लागतं आणि ते लेबलवर छापावं लागतं. राग आहे तो पुरावा न देता "कायमचा बरा" म्हणणाऱ्यांवर. संधिवात मुळात कमी-जास्त होतोच, माणूस सगळ्यात जास्त दुखत असताना पैसे भरतो, नंतर आपोआप थोडं कमी झालं की श्रेय पावडरला, आणि तोच पेशंट पुढच्या व्हिडिओत. ज्यांना फरक पडला नाही ते कुठल्या व्हिडिओत दिसतात? डायबेटिसचं तर अजून भयंकर, टाइप वनच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा मुलाचं इन्सुलिन असल्या कोणाच्या सांगण्यावरून बंद केलं तर काही दिवसांत जीवावर बेततं.

कायदा नाही असं पण नाही. 1954 चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज अ‍ॅक्ट आहे, त्यात डायबेटिस, कॅन्सर, ब्लडप्रेशर बरं करतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी त्या जाहिराती रोज फोनवर येतात.

म्हणून एकच मागणी, कोणी तक्रार करेल याची वाट बघू नका. तुमच्या लोकांनी सामान्य गिऱ्हाईक बनून हे डबे मागवावेत, लॅबमध्ये स्टिरॉइड आणि पेनकिलरसाठी तपासावेत, आणि रिपोर्ट नावानिशी मराठीत जाहीर करावेत. तक्रारीचा नंबरही कोपरखैरणे, घणसोली स्टेशनवर मोठ्या अक्षरात लावा, आत्यासारख्या बाईला चष्मा न लावता वाचता येईल एवढा.

आपली नम्र,
कोपरखैरण्याची एक रहिवासी