मशीनला पाठवलेला प्रोग्राम पोहोचला कशावरून?

मा. संपादक,
स. न.

लघुउद्योगांच्या आधुनिकीकरणावर आपल्या दैनिकात वेळोवेळी लिहिले जाते. त्यात सहसा न येणाऱ्या एका बाबीकडे लक्ष वेधू इच्छितो. आमच्या शिरोलीत अनेक जुन्या सीएनसी मशीनना (संगणकीय आज्ञांनुसार धातू कापणाऱ्या यंत्रांना) आजही सीरियल पोर्टमधूनच, म्हणजे एकेक बिट ओळीने पाठवणाऱ्या जोडणीतूनच, प्रोग्राम दिला जातो. आरएस-२३२ हे त्यामागचे मानक मूळ १९६० सालचे. पण मशीन धडधाकट असताना केवळ पोर्ट जुना म्हणून ते मोडीत काढणे जॉबवर्क करणाऱ्याला परवडत नाही. माझी तक्रार पोर्टविषयी नसून प्रोग्राम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी आहे.

मध्यंतरी आमच्याकडे एक महागडे कास्टिंग रिजेक्ट झाले, कारण एक बोअर (भोक) भलत्याच जागी पडला होता. ठपका अर्थातच ऑपरेटर पोरावर आला. मशीनमधला प्रोग्राम संगणकात परत घेऊन मूळ फाइलशी ताडून पाहिला, तेव्हा एका ओळीतला एक आकडा गळालेला आढळला. सॉफ्टवेअरने मात्र ‘पाठवणी पूर्ण’ असे खुशाल दाखवले होते. त्याचा अर्थ एवढाच, की शेवटचे अक्षर संगणकाच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठवणीत) पडले. मशीनचा बफर भरत आला की ते ‘थांब’ असा संकेत पाठवते. परंतु आजच्या लॅपटॉपला नऊ पिनांचा पोर्टच नसल्याने मध्ये यूएसबी कन्व्हर्टर येतो, आणि संकेत पोहोचेपर्यंत त्याच्या पोटातली अक्षरे पुढे निघून गेलेली असू शकतात. अशा वेळी कंट्रोलरने (मशीनच्या नियंत्रक संगणकाने) अलार्म दिला तर नशीबच म्हणायचे. पॅरिटी (अक्षरासोबत जाणारा तपासणीचा बिट) बिघडलेले अक्षर पकडते, गळालेले नाही. आणि पुष्कळ कंट्रोलरवर ‘एक्स १०’ या आज्ञेतल्या १० नंतरचा दशांश बिंदू गळाला की १० मिलिमीटरचे ०.०१० मिलिमीटर होतात.

१२८ बाइटचा गठ्ठा, त्याची बेरीज आणि ती न जुळल्यास फेरपाठवणी ही सोय एक्समोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धतीत १९७७ सालीच होती. परंतु जुने कंट्रोलर सहसा सरळ मजकूरच स्वीकारतात, त्यामुळे प्रोग्राम परत मागवून ताळा करणे हाच मार्ग उरतो. प्रोग्राम असा परत पाठवण्याची सोय मशीनवर असते. कागदी पट्टीच्या काळापासून तिला ‘पंच’ म्हणतात. आलेला मजकूर मूळ फाइलशी ओळीगणिक जुळवून पाहणे आणि तोवर ‘पूर्ण’ न म्हणणे, एवढे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना अवघड नाही. प्रोग्राम साठवला न जाता थेट चालवला जातो, तिथे मात्र ताळ्याची संधीच नसल्याने ‘थांब’ आणि ‘चालू’चे संकेत काटेकोर पाळले जाणे अधिकच महत्त्वाचे आहे.

आयटीआयच्या प्रात्यक्षिकांतही या पडताळणीला जागा मिळावी. आमच्या शॉपमध्ये तरी आता परत घेतलेला प्रोग्राम जुळल्याशिवाय सायकल स्टार्ट दाबले जात नाही.

आपला,
एक सीएनसी प्रोग्रामर,
शिरोली (जि. कोल्हापूर)