नाना, तुमचा गेज

पुणे, २९ जून २०२५

तीर्थरूप आई आणि नाना,
साष्टांग नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. मुलांची शाळा सुरू झाली, ह्यांचा गुडघा बरा आहे. पत्र लिहायचं कारण एवढंच की हे फोनवर जमत नाही. फोन लागला की आई घेते. मग पाणी आलं का, पेरणी झाली का, मुक्ताईची पालखी कुठवर पोचली, यात वीस मिनिटं जातात आणि मागून नानांचा खोकला ऐकू येतो. नाना, गेले सात आठवडे मी तुमचा फक्त खोकलाच ऐकते आहे.

८ मेच्या रात्रीबद्दल बोलायचं आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आले होते तेव्हा पहलगामच्या हल्ल्याला आठच दिवस झाले होते. घागरीवर डांगर ठेवता ठेवता आई मध्येच थांबली आणि म्हणाली, त्या नव्या नवरीचा फोटो डोळ्यापुढून हलत नाही. नाना, तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, आमरसाची वाटी तशीच ठेवून उठलात. पेपरात सव्वीस माणसं मेल्याचं वाचून माझ्याही पोटात आग होती. हे आधी लिहिते, कारण मामांना वाटतं की मला ती नव्हतीच.

मग ७ तारखेला आपण पाकिस्तानात हल्ले केले आणि ८ च्या रात्री टीव्हीवाल्यांनी ताळतंत्र सोडलं. कुणी कराची बंदर जाळलं, कुणी इस्लामाबाद घेतलं. रात्री एकच्या सुमाराला तुम्ही ग्रुपवर तो व्हिडिओ टाकलात. अंधारात आगीचा लोळ, खाली ‘कराची बंदर बेचिराख, जय हिंद’. मी पाच मिनिटांत शोधलं आणि लिहिलं, “नाना, हे कराची नाही, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया आहे. जानेवारीत तिथे विमान पडलं होतं, त्याचा व्हिडिओ आहे. वय झालं म्हणून काहीही पुढे ढकलायचं का?”

त्रेचाळीस माणसांच्या ग्रुपवर.

पहिली दोन वाक्यं मी मागे घेत नाही. तिसरं लिहायला नको होतं. ते लिहिताना बोट अडखळलंसुद्धा नाही, याची लाज वाटते. त्यावर मामांनी विचारलं, “तुला पाकिस्तानचं वाईट वाटतंय का?” आणि मी अकरा मेसेज टाकले. दुसऱ्या दिवशी मोजले. त्यातला एकही मामांना काही पटावं म्हणून लिहिलेला नव्हता. तुम्ही व्हिडिओ काढून टाकलात, आणि त्या दिवसापासून तुमचा सकाळचा जास्वंदीचा फोटोही बंद झाला.

मला राग कशाचा आला होता, ते सांगते. वरणगावच्या काडतुसांच्या फॅक्टरीत तुम्ही अडतीस वर्षं काढलीत, त्यातली निम्मी इन्स्पेक्शनमध्ये. तिथलं काही घरी बोलायचं नाही हा तुमचा नियम होता. पण दहावीत असताना मी विचारलं होतं, तुम्ही दिवसभर नक्की करता काय? तेव्हा तुम्ही ताटातली भाकरी बाजूला सारून चमच्याच्या दांड्याने मला गेज समजावून सांगितला होता. एक तोंड आत गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. दोन्ही तोंडं लावून बघायची. एकच लावून ‘पास’ म्हणणारा माणूस कामाचा नाही. वर म्हणालात, “शंभरातली नव्व्याण्णव चांगली निघाली, तरी ज्याच्या बंदुकीत शंभरावं अडकलं त्याला काय सांगणार?” कारगिलच्या उन्हाळ्यात तुम्ही ओटी करून घरी यायचात तेव्हा डोळे लाल असायचे. आई त्यावर काकडीच्या चकत्या ठेवायची. तुम्ही म्हणायचात, घाईतच खराब माल पुढे जातो, म्हणून घाईतच जास्त बघायचं.

असा माणूस रात्री एक वाजता दुसऱ्याचा माल न बघता पुढे पाठवतो, याचा तो राग होता.

पण खरी गोष्ट पुढे आहे आणि ती मला तुम्हाला तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये शिरले. दोन-तीन दिवसांतच मी तुम्हाला एक व्हिडिओ पाठवला होता, आठवतो? ‘कीव्हचं भूत’. एकट्या युक्रेनी वैमानिकाने सहा रशियन विमानं पाडली म्हणे. तुम्ही लगेच फोन केलात आणि एवढंच विचारलंत, “पण हे पाह्यलं कोनं?” मी म्हटलं, नाना, सगळं जग सांगतंय, तुम्हाला रशियाचं कौतुक म्हणून पटत नाही. एप्रिलअखेरीस युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितलं की असा कुणी एक माणूस नव्हता, ती लोकांनी रचलेली दंतकथा होती. गाजलेला व्हिडिओ तर विमानं उडवायच्या एका कॉम्प्युटर गेममधला होता. मी ते वाचलं. तुम्हाला कळवलं नाही.

कराचीचा खोटेपणा मला पाच मिनिटांत सापडला, कारण तो मला सापडायला हवा होता. कीव्हच्या भुताला मी गेज लावलाच नाही, कारण ते मला आवडलं होतं. तुम्ही लावलात आणि मी तुम्हालाच गप्प बसवलं. मग वयाचं काढायचा मला काय अधिकार होता?

आता मामांचं. ‘तेव्हा कुठे होतात?’ हे त्यांचं एकच हत्यार आहे आणि ते मोडीत काढण्यासारखं नाही, हे मी त्या रात्री कबूल करायला हवं होतं. २००३ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत बोटभर कुपी दाखवत बसले होते. इराकवर हल्ला झाला, आणि ज्यांच्यासाठी झाला ती महाभयंकर अस्त्रं सापडलीच नाहीत. पुतिनवर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२३ च्या मार्चमध्ये वॉरंट काढलं तेव्हा बायडेन म्हणाले, योग्यच आहे. त्याच न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नेतन्याहूंवर काढलं, तेव्हा तेच बायडेन म्हणाले, हा संतापजनक प्रकार आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा. यात मामा शंभर टक्के बरोबर आहेत. (ते न्यायालय ना अमेरिका मानते, ना रशिया, ना इस्रायल. आपणही त्याचे सदस्य नाही, हे मामा सोयीने विसरतात.)

माझं म्हणणं एवढंच, की मामा तिथे पोचले की थांबतात. जयशंकरांनी वॉशिंग्टनमध्ये सुनावलं होतं, आपण महिनाभरात रशियाकडून जेवढं तेल घेतो त्याहून जास्त युरोप एका दुपारी घेत असेल. तुम्ही दोघांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्यात. वाजवण्यासारखंच होतं ते. पण युक्रेनमधल्या बुचाच्या रस्त्यावर हात मागे बांधलेली माणसं मरून पडली होती, आणि युरोप तेल घेतो म्हणून ती उठून घरी जात नाहीत. आपल्या सरकारनेही संयुक्त राष्ट्रांत त्या हत्यांचा निषेध करून चौकशी मागितली होती. मामांच्या फोनमध्ये ती बातमी कधी आली नाही.

आणि माझ्या फोनमध्ये? गाझातल्या पोरांचा फोटो मी स्टेटसला ठेवला, चांगला आठवडाभर. २०२३ च्या ७ ऑक्टोबरला सकाळी हमासवाल्यांनी इस्रायलमध्ये घराघरांत शिरून सुमारे बाराशे माणसं मारली, म्हाताऱ्या बायकांना उचलून नेलं, तेव्हा मी एक ओळ लिहिली नव्हती. गाझाचा फोटो काढावा असं अजूनही वाटत नाही, तिथे मेलेली पोरं खरी आहेत. पण दुसरी ओळ का लिहिली नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि मामांनी नेमकं तेच विचारलं होतं.

तुमचं रशियाप्रेम मला आता थोडं समजतं, नाना. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेने बंगालच्या उपसागरात आरमार धाडलं आणि रशियाने सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी नकाराधिकार वापरला, तेव्हा तुम्ही अठरा वर्षांचे होतात. अठराव्या वर्षी कोण पाठीशी उभं राहिलं ते माणूस विसरत नाही. मला ते पुस्तकात वाचायला मिळालं, तुम्ही भुसावळच्या फलाटावर उभं राहून रेडिओवर ऐकलंत. पण ज्यांच्या घरात रणगाडा शिरला त्यांना त्या उपकाराशी काय देणंघेणं? नेहरूंचंही १९५६ मध्ये असंच झालं होतं. सुएझवर इंग्रज-फ्रेंच चालून गेले तेव्हा ताडकन बोलले, आणि त्याच आठवड्यात रशियाने हंगेरीत रणगाडे घातले तेव्हा गुळमुळीत. तेव्हाही लोकांनी ते बोलून दाखवलं होतं. म्हणजे हा रोग आपल्या ग्रुपवर सुरू झालेला नाही.

आईला मागे मी कुवेतची गोष्ट सांगितली होती, तुम्ही तेव्हा झोपला होतात. १९९० च्या ऑक्टोबरात अमेरिकेत पंधरा वर्षांच्या एका मुलीने रडत साक्ष दिली, की इराकी सैनिकांनी दवाखान्यातल्या काचेच्या पेट्यांतून तान्ही बाळं काढून फरशीवर टाकली. सगळी अमेरिका हळहळली. युद्ध होऊन गेल्यावर कळलं, की ती कुवेतच्या राजदूताचीच मुलगी होती आणि त्यामागे प्रचाराचं काम घेतलेली एक कंपनी होती. बाळांची ती गोष्ट सिद्ध झालीच नाही. मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते, बघ आई, कसं बनवतात. आई बिबड्यांचं पीठ ढवळत होती. म्हणाली, “पण लेकरं तर खरंच मरतात ना वं माय, कुठे ना कुठे.” मला पुढे काही बोलता आलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

बिबड्यांवरून आठवलं. आई, ९ मेच्या दुपारी टीव्हीवर सायरन वाजला आणि तू गच्चीवर बिबड्या गोळा करायला धावलीस, हे वहिनीने सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. मग हसू जिरलं. १९७१ मध्ये खिडक्यांना काळे कागद चिकटवल्याचं तू सांगायचीस, त्या वेळी तू चौदा वर्षांची होतीस. त्यातून ७ तारखेच्या मॉक ड्रिलच्या यादीत भुसावळचं नाव. सायरन स्टुडिओतला आहे हे तुला कसं कळावं? दुसऱ्याच दिवशी सरकारने वाहिन्यांना सांगितलं, कार्यक्रमांत सायरन वाजवू नका, लोकांना खरा कोणता ते कळेनासं होईल. तोवर तुझा जिना चढून झाला होता, त्या गुडघ्यांनी.

या सगळ्या भांडणात मला कौतुक वाटतं ते रावेरच्या काकांचं. २०२२ मध्ये मी आणि मामा युक्रेनवरून हातघाईवर आलो होतो, तेव्हा मध्येच त्यांचा मेसेज आला होता, ‘कोणाकडे पोटॅशच्या चार गोण्या शिल्लक आहेत का’. कुणी उत्तर दिलं नाही. पोटॅश सगळं बाहेरून येतं, रशिया आणि बेलारूसकडूनही, आणि केळीला ते लागतंच. युद्ध त्यांच्या बांधावर गोणीच्या भावातून आलं होतं आणि आम्ही दोघं ते जिंकत होतो. आता या महिन्यात इराणवर बॉम्ब पडले, तर व्यापारी म्हणतो तिकडे जायचा केळीचा माल अडकला, भाव कमी घ्या. या वेळी मी काकांना फोन तरी केला. ते म्हणाले, घड तयार झाला की तो थांबत नाही, तुझ्या अमेरिकेला सांग.

मामांनाही रविवारी फोन केला. पहिली पाच मिनिटं दोघंही पावसावर बोललो. मग मी म्हटलं, त्या रात्री मी जास्तच बोलले. ते म्हणाले, “बोलली तर बोलली, पण नानांना नव्हतं बोलायचं.” मला वाटलं होतं ते देशावरून रुसलेत.

वाद घालायचं मी सोडणार नाही, नाना. तुम्हीही सोडू नका. पण तुमच्याशी आता ग्रुपवर नाही, फोनवर. मला आवडलेलं काही पाठवायच्या आधी मी तुम्हाला विचारेन, आणि तुम्ही मला ‘पाह्यलं कोनं’ म्हणा. तुम्हाला आवडलेलं मला पाठवा, मी शोधून देईन, वय न काढता.

मामांनी काल ग्रुपवर इराणचा एक व्हिडिओ टाकलाय, रात्रीच्या आकाशात विमान पेटून खाली येतानाचा. मी काही लिहिलेलं नाही. मला तो गेममधला वाटतो, पण मला तसा वाटायलाच हवा आहे, म्हणून खात्री नाही. भाच्याला सांगून तो मोठ्या टीव्हीवर लावा, धूर कसा हलतो ते बघा आणि मला फोन करा. तुम्ही करा, आईच्या हातात देऊ नका.

तुमची,
लेक

ता.क. आई, बिबड्या संपल्या. पोळ्याला येईन तेव्हा नेईन, मुलांपासून लपवून ठेवलेला डबा मुलांनीच संपवला. नानांच्या खोकल्याचं डॉक्टरांना दाखवलंस का?