उजवीकडून येणारी चकती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी क्रीडा पुरवणीत आइस हॉकीवर अर्धं पान बघून बरं वाटलं. आपल्याकडे या खेळाचं नाव निघतं ते लडाखमधली तळी गोठली की, तेही एखाद्या फोटोपुरतं. विली ओ'रीची गोष्ट छापलीत याबद्दल आभार. पण शेजारच्या चौकटीने सगळ्यावर बोळा फिरवला. 'सामने ४५, गोल ४, असिस्ट १०', आणि वर मथळा 'औटघटकेची कारकीर्द'. उत्तर अमेरिकेतल्या अव्वल नॅशनल हॉकी लीगपुरते आकडे बरोबर आहेत. मथळा मात्र साफ चुकला आहे.

१८ जानेवारी १९५८ रोजी माँट्रियलच्या फोरममध्ये बॉस्टन ब्रुइन्सकडून उतरून तो नॅशनल हॉकी लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला, हे लेखात ठळकपणे आलं आहे. यायलाच हवं, त्याच्यानंतरचा दुसरा, माइक मार्सन, दिसायला १९७४ साल उजाडलं. पण त्या रात्री बर्फावर उतरलेल्या या लेफ्ट विंगरला उजव्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, हे तुमच्या अर्ध्या पानात कुठेच नाही.

१९५५-५६ च्या हंगामात कॅनडातल्या किचनर इथल्या ज्युनियर संघाकडून खेळताना चकती उसळून त्याच्या तोंडावर बसली. आइस हॉकीत चेंडूऐवजी असते ती ही चकती कडक रबराची, इंचभर जाड, वजनाला दीडशे ग्रॅमच्या वर. नाक मोडलं आणि उजव्या डोळ्याची पंचाण्णव टक्के नजर गेली. डॉक्टरांनी सांगितलं, खेळ विसरा. वय वीस! दोन महिन्यांत गडी पुन्हा स्केट्स बांधून हजर. एका डोळ्याने आंधळा असलेल्याला लीगमध्ये घ्यायचं नाही असा नियम होता, म्हणून संघात त्याने अवाक्षर काढलं नाही. नजर तपासून बघावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. १९५६ मध्ये तो क्यूबेक एसेसकडून व्यावसायिक खेळाडू झाला, आणि तिथून दोन वर्षांत बॉस्टनला.

आता लेफ्ट विंग म्हणजे काय, हे मला थोडंफार कळतं. मी तरुणपणी खडकीत मैदानी हॉकी खेळायचो, लेफ्ट आउटला. डाव्या कडेची रेघ हे तुमचं घर. डावीकडे काहीच नसतं; जे यायचं ते सगळं उजवीकडून येतं. सेंटरचा पास उजवीकडून, तुम्हाला आडवायला धावणारा बॅकही उजवीकडून. आइस हॉकीत तर डाव्या खांद्याशी कठडा असतो आणि उजवीकडून येणारा बचावपटू तुम्हाला त्या कठड्यावर अंगानिशी आपटू शकतो. नियमाला धरून. उजवा डोळा गेलेल्या माणसासाठी मैदानात याहून वाईट जागा शोधूनही सापडायची नाही.

दोन वर्षांपूर्वी माझं उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी होती एकच दिवस. संध्याकाळी चिकाटी करून दुधाला बाहेर पडलो आणि रस्ता ओलांडताना लक्षात आलं, आपल्याकडे रस्त्यात पाऊल टाकलं की पहिली रिक्षा उजवीकडूनच येते. मान इतकी वळवावी लागली की डावा डोळा जवळजवळ उजव्या खांद्यावर आणायचा. दोनदा परत फुटपाथवर आलो आणि शेवटी दूध न आणताच घरी. ओ'री हेच करायचा, फक्त पायाखाली बर्फ आणि अंगावर येणारा गडी दुचाकीच्या वेगाने. मान पूर्ण उजवीकडे फिरवायची, डाव्या डोळ्याने चकती हेरायची, आणि तेवढ्या वेळात समोर कोण आलं ते देवाला ठाऊक.

असं खेळून त्याने १९६०-६१ च्या हंगामात ४३ सामन्यांत ४ गोल केले. त्यातला पहिला १ जानेवारी १९६१ ला, बॉस्टनमध्ये, माँट्रियल कनेडियन्सविरुद्ध. वरून प्रेक्षकांच्या शिव्या होत्याच. शिकागोत प्रतिस्पर्ध्याने स्टिकचं टोक तोंडावर मारून त्याचे पुढचे दोन दात पाडले. ओ'रीने आपली स्टिक त्याच्या डोक्यात घातली. लेखात त्याला 'शांत, सोशिक' म्हटलं आहे. सोशिक असेल, पण गाय नव्हता.

त्यानंतर बॉस्टनने त्याला माँट्रियलला देऊन टाकलं, माँट्रियलने खालच्या संघात, आणि तिथून तो पोचला लॉस एंजेलिस ब्लेड्सकडे, वेस्टर्न हॉकी लीग या दुय्यम लीगमध्ये. तुमची चौकट इथे संपते. त्याचा खरा खेळ इथे सुरू होतो. लॉस एंजेलिसला कोचने त्याला राइट विंगवर हलवलं. आता उजवीकडे कठडा आणि सगळा खेळ डाव्या, चांगल्या डोळ्यासमोर! १९६४-६५ मध्ये त्याने ३८ गोल ठोकले. पुढे सॅन डिएगो गल्सकडून १९६८-६९ मध्ये पुन्हा ३८. तीसच्या वर गोल असलेले हंगाम चार. तेव्हा नॅशनल हॉकी लीगमध्ये सहाचे बारा संघ झाले होते, म्हणजे जागा दुप्पट. तरी कुणाचा फोन आला नाही. तो तेहतिशीत होता हे खरं, पण एवढे गोल करणाऱ्याचं वय कुणी बघत असेल असं मला वाटत नाही. शेवटचा व्यावसायिक सामना तो १९७९ मध्ये खेळला, त्रेचाळिसाव्या वर्षी.

जाता जाता एक किस्सा. शाळकरी असताना, १९४९ मध्ये, बेसबॉलच्या संघाबरोबर तो न्यूयॉर्कला गेला होता. तिथे ब्रुकलिन भागात, बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत तोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनशी हस्तांदोलन करून त्याने सांगितलं, मी हॉकीही खेळतो. काळी मुलं हॉकी खेळतात हे रॉबिन्सनला नवलच वाटलं. तेरा वर्षांनी लॉस एंजेलिसला एका भोजन समारंभात पुन्हा गाठ पडली, तर रॉबिन्सनने आपणहून ओळखलं, ब्रुकलिनला भेटलेला तो मुलगा तूच ना?

मानसन्मान उशिरा का होईना मिळाले. मुलांना हॉकीकडे वळवण्याचं काम लीगने १९९८ मध्ये त्याच्याकडे सोपवलं, ब्रुइन्सनी १८ जानेवारी २०२२ ला त्याचा २२ क्रमांक निवृत्त केला, त्याच महिन्यात त्याला अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक देण्याच्या कायद्यावर सही झाली. पण २०१८ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमनेही त्याला घेतलं ते 'बिल्डर', म्हणजे खेळाच्या वाढीला हातभार लावणारा म्हणून, खेळाडूंच्या विभागात नव्हे. म्हणजे तुमच्या चौकटीसारखंच तिथेही झालं म्हणायचं.

तेव्हा विनंती अशी, की दुरुस्ती छापणार असाल तर 'औटघटका' काढा आणि १९५६ ते १९७९ एवढंच लिहा. खाली बारीक टाइपात का होईना, एक ओळ घाला: उजवा डोळा निकामी, जागा लेफ्ट विंग.

आपला,
एक जुना लेफ्ट आउट
खडकी, पुणे